दोन धावा की चार?

मातीच्या, उंचसखल मार्गावरील मोटारसायकलींच्या शर्यतीला मोटोक्रॉस म्हणतात आणि त्यासाठी बनवलेल्या हलक्या गाडीला डर्ट-बाईक. हा खेळ मुख्यतः युरोप-अमेरिकेतला. तेथील हौशी स्वारांमध्ये गेली पंचवीसहून अधिक वर्षे एक वाद चालू आहे. टू-स्ट्रोक इंजिनाची गाडी हलकी, स्वस्त आणि घरी दुरुस्त करता येणारी; तिला बाजूला सारून जी फोर-स्ट्रोक गाडी आली ती महाग आहे आणि तिचा आवाज गावाला नकोसा झाला आहे, असे एका पक्षाचे म्हणणे. दुसरा पक्ष म्हणतो, शर्यती कोण जिंकतो ते पाहा!

हा वाद आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. चेतक, राजदूत, लूना, आरएक्स १०० या गाड्यांवर शाळा गाठलेल्या शिक्षकांना पेट्रोलबरोबर मागून घेतलेले टूटी ऑइल आठवत असेलच. या वादाच्या निमित्ताने इंजिनाचे विज्ञान तर समजतेच, शिवाय 'अधिक चांगले' या शब्दांची उलटतपासणी कशी करावी हेही कळते.

प्रथम इंजिन पाहू. स्ट्रोक म्हणजे दट्ट्याची सिलिंडरमधली एक धाव, वर किंवा खाली. निकोलाउस ओटो या जर्मन तंत्रज्ञाने १८७६ साली तयार केलेल्या इंजिनात शोषण, संपीडन, ज्वलन व उत्सर्जन अशा चार धावा असतात. चार धावा म्हणजे दांड्याचे (क्रँकशाफ्टचे) दोन फेरे. दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. वायूंची ये-जा झडपा सांभाळतात, आणि झडपा उघडण्या-मिटण्यासाठी कॅम, साखळी, स्प्रिंगा असा सारा संसार लागतो.

टू-स्ट्रोकमध्ये हा संसार नाही. १८९० च्या सुमारास इंग्लंडमधील जोसेफ डे याने जी रचना केली तिच्यात सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या आहेत आणि दट्ट्याच त्या उघडतो-मिटतो. दट्ट्या वर जाताना वरचे मिश्रण दाबले जाते, त्याच वेळी खालच्या पेटीत ताजे मिश्रण ओढले जाते. स्फोटानंतर दट्ट्या खाली येतो, तेव्हा आधी धुराची खिडकी उघडते, मग ताज्या मिश्रणाची. आणि नवे मिश्रण जुन्या धुराला बाहेर ढकलते. प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट! खालच्या पेटीतून मिश्रण जात असल्यामुळे तेथे वंगणाचे तेल साठवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे, आणि म्हणूनच तो निळा धूर.

येथे एक अडचण आहे. दोन्ही खिडक्या काही काळ एकदमच उघड्या असतात, त्यामुळे ताजे मिश्रणही धुराबरोबर निसटते. यावर सुंदर उपाय केला तो पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीच्या वाल्टर काडेन या अभियंत्याने, १९५० च्या दशकात. टू-स्ट्रोक शर्यती गाडीची धुराची नळी मध्ये फुगीर आणि शेवटी निमुळती का असते, त्याचे हे उत्तर आहे. खिडकी उघडताच दाबाची एक लाट नळीत धावते. रुंदावणाऱ्या भागातून ओढीची लाट परत येते व धूर शोषून घेते. निमुळत्या भागावर आपटून दाबाची लाट परत येते व निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. झडप नाही, हलणारा भाग नाही; केवळ लाटेचे परावर्तन!

ही नळी किती लांब असावी, हे गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना जमेल. इंजिन मिनिटाला ८४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १४० फेरे झाले. एका फेऱ्याला सुमारे ७ मिलिसेकंद. धुराची खिडकी फेऱ्याच्या निम्म्याहून थोडा अधिक काळ, म्हणजे ३.८ मिलिसेकंद उघडी राहते असे धरू. तप्त धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर. एवढ्या वेळात लाट १.९ मीटर जाईल, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे ९५ सेंटिमीटर लांबीची नळी. प्रत्यक्षातील नळ्या याच्या जवळपास असतात. अर्थात हे वेळापत्रक एका ठरावीक गतीलाच जुळते. म्हणून अशी गाडी कमी गतीला मंद वाटते आणि मग एकदम उसळते. हौशी स्वारांचा जीव जडतो तो या उसळीवर.

१९६१ साली एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि हे ज्ञान घेऊन जपानच्या सुझुकी कंपनीत गेला. चार धावांचे कट्टर पुरस्कर्ते असलेल्या होंडा कंपनीनेही १९७३ मध्ये 'एल्सिनोर' ही टू-स्ट्रोक डर्ट-बाईक बाजारात आणली. पुढची सुमारे पंचवीस वर्षे मोटोक्रॉसमध्ये टू-स्ट्रोकचेच राज्य होते.

ते पालटले कसे? समान आकाराच्या इंजिनांत टू-स्ट्रोकला दुप्पट स्फोट मिळतात, म्हणून फोर-स्ट्रोकला मोठे इंजिन वापरण्याची मुभा नियमांतच होती. अमेरिकेत २५० घनसेंटिमीटरच्या टू-स्ट्रोकसमोर ५५० पर्यंतचे फोर-स्ट्रोक चालत असे. यामाहाने ही संधी ओळखली. तिच्या ४०० घनसेंटिमीटरच्या फोर-स्ट्रोक गाडीवर डग हेन्री या स्वाराने १९९७ मध्ये लास व्हेगासची शर्यत जिंकली आणि १९९८ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद. पुढे ही मर्यादा ४५० वर आली. छोट्या गटात १२५ च्या टू-स्ट्रोकसमोर २५० चे फोर-स्ट्रोक उभे राहिले. मुभा देताना फोर-स्ट्रोक इंजिन जड आणि मंद असते असे गृहीत होते. हलक्या धातूंच्या झडपांमुळे तेच इंजिन मिनिटाला ११,००० ते १३,००० फेरे घेऊ लागले, तेव्हा ती मुभाच वरचढ ठरली. म्हणजे शर्यतीतून जो निष्कर्ष निघाला तो 'चार धावा श्रेष्ठ' असा नव्हे. 'जवळजवळ दुप्पट आकाराचे फोर-स्ट्रोक सरस' एवढाच तो आहे. प्रयोगाच्या अटी विसरल्या की निष्कर्ष फसवा होतो, हे प्रयोगशाळेइतकेच शर्यतीलाही लागू आहे.

आता आवाज. टू-स्ट्रोक सेकंदाला १४० स्फोट करत असेल, तर मिनिटाला ९००० फेरे घेणारे फोर-स्ट्रोक ७५ च करते. पण प्रत्येक स्फोट मोठ्या सिलिंडरमधला. टू-स्ट्रोकची नळी शेवटी अरुंद असल्याने धक्का आतच बराच शमतो. फोर-स्ट्रोकला मोकळी नळी लागते. शिवाय त्याचा स्वर खालचा. गणपतीची मिरवणूक लांब गेली की ताशा ऐकू येईनासा होतो, पण ढोल घुमतच राहतो. उंच स्वर हवेत, झाडीत, भिंतींत लवकर विरतात. खालचे दूरवर पोचतात. त्यातच आवाज मोजण्याचे नेहमीचे 'ए' प्रमाण खालच्या स्वरांना मुद्दामच कमी गुण देते. म्हणून मापकावर दोन गाड्या सारख्या दिसल्या तरी मैलभर दूरच्या घरात एकीचाच त्रास जाणवू शकतो. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे सरावाची मैदाने बंद पडली, की नुकसान दोन्ही पक्षांच्या स्वारांचे होते.

खर्चाचे गणितही रचनेतूनच निघते. टू-स्ट्रोकची नित्याची दुरुस्ती म्हणजे दट्ट्या, कड्या आणि गॅस्केट बदलणे. साधी हत्यारे असलेला मुलगा वडिलांच्या देखरेखीखाली एका दुपारी हे करू शकतो. फोर-स्ट्रोकमध्ये झडपांच्या फटी मोजाव्या लागतात, साखळी बदलावी लागते. आणि अतिवेगात एखादी झडप तुटून पडली तर दट्ट्यासह निम्मे इंजिन भंगारात जाते. बेतास बात मिळकतीच्या घरातील मुलाला हा खेळ परवडतो की नाही, ते येथे ठरते.

मग टू-स्ट्रोकवाल्यांचे सारेच खरे का? नाही. साध्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये इंधनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिकही न जळताच बाहेर पडू शकतो. काडेनची नळी ही गळती कमी करते, पण योग्य गतीलाच. शहरात लाखो स्कूटर सतत गती बदलत धावतात, तेव्हा हा धूर नागरिकांच्या फुप्फुसात जातो. २००० साली भारतात मानके कडक झाली आणि आपल्या रस्त्यांवरून टू-स्ट्रोक हळूहळू नाहीसे झाले, ते योग्यच झाले असे आम्हाला वाटते. ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीने २०१७ मध्ये इंधन थेट सिलिंडरच्या खिडकीत फवारणाऱ्या टू-स्ट्रोक डर्ट-बाईक आणल्या. यामाहाने तर आपल्या टू-स्ट्रोक डर्ट-बाईक बनवणे कधी थांबवलेच नाही. मैदानावरील मोजक्या गाड्यांचा प्रश्न आणि शहरातील लाखो गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे, हे ध्यानात ठेवले की दोन्ही निर्णय परस्परविरोधी वाटत नाहीत.

वर्गात हा विषय घेताना फळ्यावर चार रकाने आखावेत: शक्ती, आवाज, खर्च, धूर. प्रत्येकात कोण सरस, कोणत्या अटीवर आणि कोणासाठी, हे विद्यार्थ्यांकडून भरून घ्यावे. गावातील जुन्या मेकॅनिककडे टू-स्ट्रोकचे निकामी सिलिंडर सहज मिळते. ते मुलांच्या हाती द्यावे, खिडक्या दाखवाव्यात, दट्ट्या वरखाली सरकवू द्यावा. जे यंत्र उघडून पाहता येते त्याच्याशी मुलांची मैत्री होते. टू-स्ट्रोकवरचे हौशी लोकांचे प्रेम बरेचसे यातूनच आले आहे, आणि ते प्रेम शाळेला तरी नक्कीच उपयोगाचे आहे.