मेघियाचे आम्रवन आणि आमचे विद्यार्थी

परीक्षा जवळ आल्या की रविवारच्या वंदनेनंतर विहारात रेंगाळणाऱ्या तरुणांची संख्या वाढते, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. गेल्या हिवाळ्यात असाच एक विद्यार्थी आमच्याकडे आला. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणारा, घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला पहिलाच, वसतिगृहात राहणारा. दोन विषय राहिले होते, रात्री झोप लागत नव्हती, अन्नावरची वासना उडाली होती. आपली व्यथा त्याने एका ज्येष्ठ उपासकांस सांगितली तेव्हा त्यांनी सद्भावनेनेच उपदेश केला, "बाळ, खोलीचे दार लावून रोज एक तास ध्यानाला बस, सर्व ठीक होईल." त्याने तसे केले. दार लागताच, दिवसाच्या गडबडीत दबून असलेले विचार एकदम त्याच्यावर चालून आले. "सर, मला ध्यानसुद्धा जमत नाही," हे त्याने आमच्यापुढे उच्चारलेले पहिले वाक्य. अपयशांच्या यादीत आणखी एकाची भर पडली होती.

दार लावून एकट्याने बसावे, हाच बौद्ध परंपरेचा उपदेश होय, असे सर्रास समजले जाते. तो तसा आहे काय, हे पाहण्यासाठी उदानातील मेघियसुत्ताकडे वळावे लागते. आयुष्मान मेघिय हा त्या वेळी चालिका येथे भगवंतांचा उपस्थाक होता. जंतुगामात भिक्षाटन करून परतताना किमिकाला नदीच्या काठी त्याला एक रमणीय आम्रवन दिसले आणि तेथे एकांतात साधना करण्याची त्याने अनुज्ञा मागितली. दुसरा भिक्खू येईपर्यंत थांब, असे भगवंतांनी त्यास सांगितले. त्याने तीनदा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी त्यास जाऊ दिले. आम्रवनात बसलेल्या मेघियाच्या चित्तात कामवितर्क, व्यापादवितर्क आणि विहिंसावितर्क यांनीच ठाण मांडले. श्रद्धेने घर सोडून आलेल्या आपली ही अवस्था व्हावी, याचे त्याला आश्चर्य वाटले आणि सायंकाळी तो परत आला.

भगवंत त्याला रागावत नाहीत. अपरिपक्व चित्तविमुक्ती परिपक्व होण्यासाठी पाच गोष्टी लागतात असे ते सांगतात आणि त्यांत पहिले स्थान देतात कल्याणमित्राला. शील, हितकर संभाषण, वीर्य व प्रज्ञा ही पुढची. ज्याला कल्याणमित्र आहे त्याच्या ठायी उरलेल्या चारही गोष्टींची अपेक्षा करता येते, असेही ते स्पष्ट करतात. वितर्कांच्या उपशमासाठी आनापानसती येथे आहेच. मात्र ती ह्या पाचांच्या पायावर उभी राहून मग करावयाची आहे. व्याकूळ विद्यार्थ्याला आपण नेमका उलटा क्रम सांगतो. एकटा बस, असे म्हणतो. कोणाजवळ तरी बस, असे म्हणत नाही.

दुसरा अडथळा याहून कठीण आहे. मनाचे दुखणे म्हणजे साधनेतील उणीव किंवा पूर्वकर्माचे फळ, अशी समजूत आमच्या घरांतून आजही आढळते. संयुत्तनिकायात मोळियसिवक नावाचा परिव्राजक हाच प्रश्न घेऊन राजगृहाच्या वेळुवनात आला होता. मनुष्य जे काही सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमणब्राह्मण म्हणतात. यावर आपले मत काय? भगवंतांनी उत्तरादाखल आठ कारणे मोजली. पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतूंतील पालट, विषम परिहार म्हणजे शरीराची अयोग्य हेळसांड, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. कर्माचा क्रमांक आठवा. सर्व काही कर्मामुळेच असे म्हणणारे स्वतःच्या अनुभवाला आणि लोकमान्य सत्यालाही ओलांडून जातात, असा त्यांचा अभिप्राय आहे.

ही यादी त्या काळच्या वैद्यकाची आहे आणि आजच्या मनोविकारशास्त्राशी तिची ओढूनताणून सांगड घालणे आम्हांस मान्य नाही. (असे लेख आमच्याकडेही छापण्यासाठी येतात.) परंतु दुःखाची कारणे अनेक असतात व शरीर हे त्यांपैकी एक आहे, एवढे तत्त्व तीतून निःसंशय निघते. जागरणे, उपाशीपोटी घेतलेला चहा, रखडलेली शिष्यवृत्ती हा विषम परिहार. आणि वर्गात आडनाव ऐकून पिकणारा हशा हा आघातच होय; त्यावर श्वासाचे निरीक्षण हा उपाय नव्हे. तेथे महाविद्यालयाच्या समान संधी कक्षाकडे लेखी तक्रार करावी व तिची पोच घ्यावी. रोहित वेमुला (2016) आणि डॉ. पायल तडवी (2019) यांच्या मातांनी 2019 साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली ती उच्च शिक्षणसंस्थांतील अशा भेदभावाविरुद्धचे नियम पाळले जावेत म्हणूनच.

आता भीतीविषयी. "डॉक्टरकडे गेलो तर वेडा म्हणतील," हे आमच्या विद्यार्थ्याचे दुसरे वाक्य होते. विनयपिटकात गग्ग नावाचा भिक्खू येतो. त्याचे चित्त बिघडले होते. उपोसथाला यावयाचे ते त्याला कधी आठवे, कधी आठवत नसे. संघाने त्याला बाहेर काढले नाही. त्याच्या अनुपस्थितीतही संघकर्म वैध ठरावे अशी रीतसर संमती मंजूर केली. पुढे गग्ग बरा झाला, तरी काही भिक्खू त्या काळातील वर्तनाचे दोष काढून त्याला सतावीत राहिले. तेव्हा भगवंतांनी 'अमूळ्हविनय' घालून दिला. बऱ्या झालेल्या माणसावर आजारातील कृत्यांचा ठपका ठेवता येणार नाही, असा त्याचा आशय. आजाऱ्याला संरक्षण देणाऱ्या तरतुदी आजच्या कायद्यातही आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने उपचारांचा हक्क दिला आहे, तसेच उपचारांविषयीची माहिती गोपनीय राखली जाण्याचाही.

मनाची गोळी घेतल्याने पाचवे शील मोडते काय, असेही आम्हांस विचारण्यात आले आहे. मोडत नाही. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात वातविकारावरील तेलात मद्य मिसळण्याचीसुद्धा अनुज्ञा आहे. अट एवढीच की त्याचा रंग, गंध वा चव जाणवता कामा नये. शील प्रमादाच्या विरुद्ध आहे, औषधाच्या नव्हे. नैराश्यावरील औषधांचा गुण येण्यास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात आणि ती मनानेच एकाएकी बंद करू नयेत, हे मात्र रुग्णाला आधी सांगितले पाहिजे. नाहीतर आठव्या दिवशी तो गोळ्या फेकून देतो.

मदत कोठे मिळते? शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग असतो; केसपेपर काढून तेथे दाखवता येते. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनीसेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा तिचा क्रमांक. ती विनामूल्य असून दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येते. विहाराच्या फलकावर वंदनेच्या वेळेखाली हा क्रमांक लिहिण्यास चार आण्यांचा खडू पुरतो.

मित्रांनी काय करावे, हे अंगुत्तरनिकायातील रुग्णसेवकाच्या पाच गुणांवरून कळते. औषध तयार करून देता येणे, पथ्यापथ्य जाणणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे, मलमूत्राची किळस न बाळगणे, आणि शेवटी, अधूनमधून धम्मकथेने उभारी देणे. धम्मकथा शेवटी आहे, आणि तीही अधूनमधून, हे आम्हां प्रवचनकारांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मित्राच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा डोकावू लागला तर "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो हा गैरसमज आहे. उलट कोणीतरी विचारले याने माणूस मोकळा होतो. उत्तर होकारार्थी आले तर त्याला त्या रात्री एकटे ठेवू नये, त्याने शपथ घातली तरी ते गुपित राखू नये, आणि त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

आमच्या विद्यार्थ्यासोबत त्याचा खोलीतला सोबती रुग्णालयात गेला आणि रांगेत आम्हीही बसलो. दोन तास लागले. डॉक्टरांनी औषध दिले, समुपदेशकाकडे पाठविले, वडिलांना बोलावून घेतले. तिसऱ्या आठवड्यात त्याला सलग झोप लागू लागली. आता रविवारी सामूहिक आनापानसतीला तो मागच्या रांगेत, दाराजवळ बसतो. डोळे उघडावेसे वाटले तर उघडावेत, असे आम्ही त्यास सांगून ठेवले आहे. एक विषय अद्याप राहिला आहे.