ग्रंथालयातील कादंबरीकार

मराठी वाचकांना व्याख्यान ऐकण्याची सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, तर मुंबईचे १८९८ चे. गावोगावच्या वाचनालयांत वर्धापनदिनी, २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनी किंवा १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी होणारा ‘लेखक आपल्या भेटीला’ हा कार्यक्रम याच परंपरेतला आहे.

कार्यक्रमाचे यश व्याख्यानाआधीच्या तयारीवर ठरते. कार्यवाह तारीख, मानधन आणि प्रवासाची व्यवस्था पाहतात. ग्रंथपालाचे काम अधिक मोलाचे असते. पाहुण्यांच्या कादंबऱ्या कपाटातून काढून दर्शनी मांडणीत ठेवायच्या आणि देवघेवीच्या टेबलाशी येणाऱ्या सभासदांच्या हाती त्या द्यायच्या, हे काम महिनाभर आधी सुरू व्हावे लागते. पुस्तक वाचून आलेले वीस श्रोते समोर असले, तर लेखक मोकळेपणाने बोलतो. केवळ सत्काराला जमलेल्या भरगच्च सभागृहात तसे होत नाही.

दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय आणि शाल-श्रीफळ यांत वेळ जातो. ते आटोपशीर ठेवले, तर लेखनाविषयी बोलायला पुरेसा अवधी मिळतो.

भाषणाचा गाभा असतो तो लेखनाच्या श्रमांचा. पहिला टप्पा साहित्य जमवण्याचा. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’मागे (१९५५) माणदेशातला प्रत्यक्ष अनुभव आहे, विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’मागे (१९८८) इतिहासाच्या साधनांचा अभ्यास आहे. दुसरा टप्पा प्रत्यक्ष लिहिण्याचा, आणि त्याची गती प्रत्येकाची वेगळी. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) थोड्याच दिवसांत लिहून झाली, पण त्यामागे गाव आणि शहर या दोन्ही ठिकाणी काढलेली वर्षे होती. हरि नारायण आपटे यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः लिहिली. तिथे अंकाची तारीख लेखकाला थांबू देत नसे. वि. स. खांडेकरांनी अखेरच्या काळात दृष्टी गेल्यावरही लेखनिकाला मजकूर सांगून लेखन चालू ठेवले. तिसरा टप्पा पुनर्लेखनाचा. खर्ड्यातली आवडती पाने काढून टाकणे, संवाद मोठ्याने वाचून पाहणे, निवेदकच बदलणे ही कामे छापील पुस्तकात दिसत नाहीत. म्हणूनच ती लेखकाच्या तोंडून ऐकण्याला मोल आहे.

उपजीविकेचा प्रश्नही इथेच मोकळेपणाने निघतो. मराठीत निव्वळ कादंबरीलेखनावर घर चालवणारे थोडे. माडगूळकर आकाशवाणीत होते, नेमाडे प्राध्यापक, तर विश्वास पाटील प्रशासकीय सेवेत. त्यामुळे पहाटेचे, रात्रीचे आणि रजेतले तास राखून ठेवणे हा लेखनाच्या शिस्तीचाच भाग ठरतो. नव्याने लिहिणाऱ्यांना प्रतिभेच्या वर्णनापेक्षा ही माहिती जास्त उपयोगी पडते.

प्रश्नोत्तरांत नेहमीचे प्रश्न येतातच: पात्र खरे आहे का, शेवट असाच का केला, रोज किती लिहिता. काही वाचकांनी मात्र फार बारकाईने वाचलेले असते. एखादा शेतकरी पेरणीचा महिना चुकल्याचे दाखवतो. एखादी आजी संवादातला शब्द त्या भागातला नाही असे सांगते. समीक्षेच्या लेखांत क्वचित सापडणारी ही तपासणी असते, आणि जाणता लेखक ती टिपून घेऊन पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करतो.

आभारप्रदर्शनानंतर चहा आणि पुस्तकांवर स्वाक्षऱ्या होतात. वाचनालयाचे काम मात्र त्यापुढेही उरते. त्या लेखकाच्या पुस्तकांना मागणी वाढली की जादा प्रती घेणे, प्रतीक्षेतल्या सभासदांची नोंद ठेवणे, भाषणाचे ध्वनिमुद्रण जतन करणे आणि भाषणात उल्लेख झालेली इतर पुस्तकेही मांडणीत आणणे, एवढे झाले तरच एका संध्याकाळच्या भाषणातून वर्षभराचे वाचन उभे राहते.