चीनचा अधिकमास आणि एक फ्लेमिश पाद्री

१६६८ सालच्या डिसेंबरअखेर बीजिंगमध्ये सलग तीन दिवस, भर मध्यान्ही, दरबारातले मानकरी एका शंकूची सावली मोजायला जमले होते. प्रश्न एवढाच, की उद्या बारा वाजता अमुक उंचीच्या शंकूची सावली नेमकी कुठवर पडेल? साम्राज्याच्या खगोल-कार्यालयाचा प्रमुख यांग ग्वांगश्येन आणि त्याचा सहकारी वू मिंगश्वान यांना याचे उत्तर देता आले नाही. पंचेचाळीस वर्षांच्या फर्डिनांड व्हर्बीस्ट या जेझुइट पाद्र्याने ते आदल्या दिवशीच देऊन ठेवले होते. शंकूची उंची रोज बदलली, तरी सावली त्याने आखलेल्या रेघेवर आली. ही गोष्ट बहुधा दोन प्रकारे सांगितली जाते: युरोपीय विज्ञानाने चिनी अज्ञानावर मिळवलेला विजय म्हणून, नाहीतर धर्मांतराच्या गळाला लावलेले विज्ञानाचे आमिष म्हणून. दोन्हींत व्हर्बीस्ट देणारा आणि चीन घेणारा. पुरावा मात्र वेगळे सांगतो, असे मला वाटते. कसोटी चीनची होती, ती लावायची की नाही हे ठरवणारा सम्राट चीनचा होता, आणि व्हर्बीस्टची सारी विद्वत्ता त्याच कसोटीवर घासली गेली. जे मोजून पडताळता आले ते दरबाराने उचलले. जे आले नाही ते परत केले. त्याचे यश आणि त्याचे अपयश या एकाच नियमातून निघाले.

व्हर्बीस्टचा जन्म ९ ऑक्टोबर १६२३ रोजी फ्लँडर्समधल्या पिटेम गावचा. १६४१ साली तो येशूसंघात, म्हणजे जेझुइटांच्या संघात, दाखल झाला आणि १६५८ मध्ये मकावला पोचला. पोर्तुगीज राजाच्या आश्रयाने पूर्वेकडे निघणाऱ्या मिशनऱ्यांची वाट लिस्बन, गोवा, मकाव अशी असे. ऐंशी वर्षे आधी याच वाटेने मात्तेओ रिच्ची गोव्याला आला, तिथे शिकला आणि १५८२ मध्ये पुढे गेला. तो गोव्यात असतानाच, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स तिथे उतरला होता. स्टीफन्सने मराठी आपलीशी करून ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले, रिच्चीने चिनी पंडितांचा वेष, त्यांची भाषा आणि त्यांचे ग्रंथ आपलेसे केले. वृत्ती एकच, पण परिस्थिती अगदी उलट. गोव्याच्या सासष्टीत पाद्र्याच्या पाठीशी देवळे पाडणारी आणि इन्क्विझिशन चालवणारी सत्ता उभी होती; तिथल्या लोकांनी त्याची परीक्षा घ्यावी, असा प्रसंगच येणार नव्हता. बीजिंगमध्ये पाद्र्यामागे एकही शिपाई नव्हता. त्याला राहू द्यायचे की हाकलायचे हे यजमानाच्या हाती होते, आणि यजमानाला हवे होते ते बिनचूक पंचांग.

पंचांग ही तिथे राजसत्तेची खूण होती. दरवर्षी सम्राटाच्या नावाने ते निघे. ज्याचे पंचांग चाले त्याचे राज्य मानले जाई. ग्रहण चुकणे म्हणजे आकाशाशी सम्राटाचा मेळ तुटल्याची जाहीर कबुली. म्हणून मिंग राजवटीच्या अखेरीस मंत्री श्यू ग्वांगची याने जेझुइटांच्या मदतीने पंचांगसुधारणा हाती घेतली, आणि १६४४ मध्ये मांचू सत्तेवर आल्यावर कोलोनचा आडाम शाल खगोल-कार्यालयाचा प्रमुख झाला. व्हर्बीस्टला १६६० साली बीजिंगला बोलावले ते या शालच्या मदतीसाठी. १६६४ मध्ये यांग ग्वांगश्येनने शालवर खटला भरला. आरोपांत राजद्रोह होता, मकावशी संगनमत होते, आणि एका बालराजपुत्राच्या दफनासाठी अशुभ मुहूर्त काढून राजघराण्यावर मृत्यू ओढवल्याचा ठपकाही होता. शालला अर्धांगाचा झटका आला होता, जीभ लुळी पडली होती. त्याच्या वतीने बेड्यांतला व्हर्बीस्ट बोलत असे. १६६५ मध्ये शालला देहाचे तुकडे करून मारण्याची शिक्षा झाली. त्याच सुमारास बीजिंगला भूकंपाचे धक्के बसले, हा दैवी कोप समजून शिक्षा मागे घेतली गेली आणि पाद्री सुटले. पण कार्यालयातल्या पाच चिनी ख्रिस्ती अधिकाऱ्यांचा शिरच्छेद झालाच. जेझुइटांच्या शौर्यकथांत या पाच जणांना एखादे वाक्य मिळते. त्यांच्यामागे दूरदेशीचा कोणी राजा नव्हता, पोपही नव्हता. या विद्येची सर्वांत जबर किंमत त्यांनी मोजली.

यांगला माथेफिरू ठरवणे सोपे आहे, पण तो कच्च्या डोक्याचा माणूस नव्हता. परक्यांच्या हाती पंचांग देणे म्हणजे राज्याच्या नाडीवर त्यांचे बोट ठेवू देणे, ही त्याची भीती पुढच्या इतिहासाकडे पाहता पोकळ म्हणवत नाही. त्याची अडचण वेगळी होती. प्रमुखपद देऊ केले तेव्हा त्याने ते पुन्हा पुन्हा नाकारले. आपल्याला पंचांगामागचे तत्त्व कळते, गणित येत नाही, असे तो प्रामाणिकपणे सांगत होता. दरबाराने ऐकले नाही आणि गणित चुकले. १६६९ च्या पंचांगात बाराव्या महिन्यानंतर अधिकमास घातला होता. हा अधिकमास चूक आहे, तो पुढच्या वर्षी दुसऱ्या महिन्यानंतर यायला हवा, असे व्हर्बीस्टने दाखवून दिले. मराठी वाचकाला हा वाद समजावून सांगावा लागत नाही. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक, हाच नियम चीनमध्येही आहे, फक्त त्यांच्या संक्रांती सायन. मात्र तिथल्या जुन्या पद्धतीत मध्यम सूर्य घेत, शालच्या नव्या पद्धतीत स्पष्ट सूर्य. हिवाळ्यात सूर्य राशी भराभर ओलांडतो, त्यामुळे स्पष्ट गणिताने ऐन हिवाळ्यात अधिकमास पडणे फार दुर्मिळ. पंचांग तोवर देशभर गेले होते, तरी महिना रद्द झाला. सम्राटाच्या नावाने निघालेला एक अख्खा महिना मागे घ्यायचा, ही केवढी नामुष्की! ती पत्करूनही दरबाराने गणिताचा कौल मानला, ही गोष्ट व्हर्बीस्टच्या हुशारीइतकीच त्या दरबाराची थोरवी सांगते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. चौदा वर्षांच्या कांगशी सम्राटाला राज्यपालक ओबोइच्या तावडीतून सुटायचे होते. यांगला पद मिळाले ते ओबोइच्या अमलात. तेव्हा सावलीची परीक्षा हे निव्वळ राजकारणाचे निमित्त होते, असे म्हणता येईल. शिवाय परीक्षेचा सविस्तर वृत्तान्त मुख्यतः व्हर्बीस्टच्याच लेखणीतला आहे. दोन्ही मुद्दे खरे आहेत. ओबोइ १६६९ मध्येच कैद झाला, आणि जेत्याचा वृत्तान्त जपूनच वाचावा लागतो. पण परीक्षा केव्हा घ्यायची हे राजकारणाने ठरवले, सावली कुठे पडेल हे ठरवले नाही. यांगची हकालपट्टी आणि अधिकमासाची दुरुस्ती चिनी दफ्तरांतही नोंदलेली आहे. आणि निव्वळ निमित्तच हवे असते तर कांगशीने पुढे याच पाद्र्याकडून युक्लिडची भूमिती आणि खगोलगणित शिकण्यात इतका वेळ घालवला नसता.

दुसरा आक्षेप विज्ञानाच्या इतिहासकारांचा. १६६९ ते १६७३ या काळात व्हर्बीस्टने बीजिंगच्या वेधशाळेसाठी ब्राँझची सहा उपकरणे घडवली: विषुववृत्ताचे आणि क्रांतिवृत्ताचे वलययंत्र, सुमारे सहा फूट व्यासाचा खगोल, क्षितिजवलय, तुरीययंत्र आणि षष्ठांशयंत्र. नमुना टायको ब्राहेच्या १५९८ च्या ग्रंथातला, म्हणजे पाऊणशे वर्षे जुना. दुर्बीण नाही, कोपर्निकसचे सूर्यकेंद्री विश्व नाही. युरोपात तोवर कोनमापक यंत्रांना दुर्बिणी बसू लागल्या होत्या. मग चीनच्या माथी शिळे विज्ञान मारले, असे म्हणायचे का? कोपर्निकसबाबत दोष खरा आहे. चर्चच्या १६१६ च्या बंदीने जेझुइटांचे हात बांधले होते, आणि चीनला सूर्यकेंद्री मत उघडपणे ऐकायला अठरावे शतक अर्धे उलटावे लागले. उपकरणांचा आरोप मात्र मला टिकणारा वाटत नाही. पंचांगाला लागणारी अचूकता नुसत्या डोळ्याने घेतलेल्या वेधांतून मिळत होती. डान्झिगचा हेवेलियसही तेव्हा तारे उघड्या डोळ्यानेच मोजत होता. आणि ही यंत्रे नुसती नक्कल नव्हेत. त्यांवरचे अंश युरोपीय पद्धतीचे ३६०, पण त्यांना पेलणारे ड्रॅगन चिनी ओतकामगारांच्या हातचे, आणि त्यांची घडण व वापर शंभरावर चित्रांसह सांगणारा ग्रंथ चिनी भाषेत. युरोपातल्या विद्वानांना प्रभावित करण्यासाठी हे काम केलेले नव्हते. गिऱ्हाईक बीजिंगमध्ये होते, आणि त्याने मागितले ते त्याला मिळाले.

मागणी वाढत गेली. १६७३ मध्ये सेनापती वू सानग्वेईचे बंड पेटले आणि सम्राटाने व्हर्बीस्टला तोफा ओतायला सांगितले. त्याने शेकडो ओतल्या. धर्मगुरूने हे करावे का, अशी कुजबुज युरोपात झाली; पोप अकरावा इनोसंट याने मात्र १६८१ च्या पत्रात ऐहिक विद्या धर्मासाठी राबवल्याबद्दल त्याची पाठ थोपटली. त्या तोफांनी माणसे मेली, आणि पोपच्या शाबासकीने ती गोष्ट पुसली जात नाही. एवढे खरे, की तोफही बारावर पारखता येते. दरबाराच्या कसोटीला ती उतरली.

न उतरलेल्या गोष्टीची कहाणी १६८३ ची. त्या वर्षी व्हर्बीस्टने तर्कशास्त्र आणि निसर्गतत्त्वज्ञान यांवरचा साठ खंडांचा ‘छ्योंगलीश्यूए’ हा चिनी ग्रंथ सम्राटापुढे ठेवला. त्यात ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र होते, विसाहून अधिक वर्षांच्या चीनमधल्या वास्तव्याचा निचोड होता. हा ग्रंथ राजमुद्रेने छापला जावा, परीक्षार्थींच्या हाती पडावा, ही त्याची इच्छा होती. त्याची धारणा सरळ होती: ज्या तर्काने सावली कळते त्याच तर्काच्या पायऱ्या चढत गेले की निर्मात्यापर्यंत पोचता येते. दरबाराने ग्रंथ परत केला. त्यातल्या विधानांपैकी ज्ञान आणि स्मृती मेंदूत असतात हे विधान खास खटकले, कारण चिनी परंपरेत त्यांचे स्थान हृदय. आज वाचताना मेंदूबाबत पाद्रीच बरोबर होता असे म्हणावेसे वाटते, पण १६८३ मध्ये मेंदूची बाजू सावलीसारखी अंगणात मांडून दाखवता येत नव्हती. तत्त्व आहे पण पडताळा नाही, ही यांगची जी गत झाली होती तीच आता व्हर्बीस्टची झाली. कांगशीने दोघांनाही एकच माप लावले.

आमिषाच्या आरोपाचे उत्तरही इथेच आहे. आमिष वरवरचे असते. व्हर्बीस्टला मात्र खगोल आणि धर्म ही एकाच सत्याची दोन टोके वाटत. नुसतेच लबाडीने वागायचे असते तर वयाच्या साठीत साठ खंडांचा तर्कग्रंथ सिद्ध करण्याचे कष्ट त्याने का घ्यावेत? तो फसवत नव्हता; त्याचा अंदाज चुकला. साखळी मधेच तोडता येते आणि अर्धीच ठेवून घेता येते, हे त्याच्या हिशेबात नव्हते. २८ जानेवारी १६८८ रोजी तो वारला. १६७८ च्या पत्रात त्याने युरोपकडे मागितलेल्या माणसांपैकी लुई चौदाव्याने धाडलेले फ्रेंच जेझुइट त्यानंतर दहा-बारा दिवसांत बीजिंगला पोचले. कांगशीने त्याला मरणोत्तर सन्माननाम दिले आणि १६९२ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीकही दिली. पुढे चिनी ख्रिस्त्यांनी पूर्वजपूजा करावी की नाही या वादात रोमने हट्ट धरला म्हणून सगळे बिनसले, असा एक युक्तिवाद असतो. त्या हट्टाने नुकसान केले यात शंका नाही. पण साठ खंड परत आले ते त्या वादाचा भडका उडण्याच्या कितीतरी आधी, आणि वादानंतरही दरबाराचे माप बदलले नाही. युंगचंग सम्राटाने १७२४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. १७२५ मध्ये त्याच सम्राटाने जेझुइट इग्नाझ क्योग्लर याला खगोल-कार्यालयाचे प्रमुखपद दिले. १७४२ मध्ये पोप चौदाव्या बेनेडिक्टने पूर्वजपूजेवरचा वाद बंद केला, आणि त्याच वर्षी क्योग्लरच्या हातून केप्लरच्या लंबवर्तुळांवर बेतलेले सूर्य-चंद्रगणित चीनच्या अधिकृत पंचांगग्रंथात दाखल झाले.