पहारेकऱ्यालाच मुका करणारा परजीवी

दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळणारा ताप, खंगत जाणारे शरीर आणि वाढलेली प्लीहा ही काळ्या आजाराची ठळक लक्षणे. वालुमाशीच्या दंशातून शरीरात शिरणारा ‘लिशमानिया डोनोव्हानी’ हा परजीवी त्यास कारणीभूत असतो. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशाने या रोगाचे चटके दीर्घकाळ सोसले. वेळेत उपचार न झाल्यास रुग्ण बहुधा दगावतो. मग शरीराची संरक्षक यंत्रणा करते तरी काय?

रक्तातील व ऊतींमधील भक्षक पेशी जंतूला गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि ते आपल्या पृष्ठभागावर मांडतात. हे तुकडे म्हणजेच प्रतिजन. ते ओळखून ‘टी’ पेशी सक्रिय होतात आणि भक्षक पेशींना जंतू नष्ट करण्याचा इशारा देतात. काळ्या आजाराचा परजीवी मात्र या भक्षक पेशीतच मुक्काम ठोकतो आणि ही साखळी तोडतो.

ती कशी, याचा एक उलगडा कोलकात्याच्या ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल बायोलॉजी’तील डॉ. श्यामल रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये केला. पेशीच्या बाह्य पटलातील कोलेस्टेरॉल विशिष्ट ठिकाणी एकवटून छोटे तराफे तयार करते; प्रतिजन मांडणारे रेणू त्यांच्या आधाराने एकत्र राहतात. संसर्गामुळे पटलातील कोलेस्टेरॉल घटते, पटल अधिक प्रवाही होते आणि तराफे विस्कटतात. परिणामी, पहारेकरी जागेवर असूनही त्याची हाक ‘टी’ पेशींपर्यंत पोहोचत नाही. प्रयोगशाळेत अशा पेशींना बाहेरून कोलेस्टेरॉल पुरवले असता त्यांची प्रतिजन मांडण्याची क्षमता परत आली.

अर्थात, रुग्णाने तूप-लोणी अधिक खावे, असा याचा अर्थ नव्हे. आजचा मुख्य उपचार ‘लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी’ हाच आहे. गंमत अशी की, हे औषध परजीवीच्याच पटलावर घाव घालते. तेथील अर्गोस्टेरॉलला चिकटून ते पटलाला छिद्रे पाडते.

दर दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकापेक्षा कमी रुग्ण, हे उद्दिष्ट देशातील सर्व बाधित प्रखंडांनी २०२३ मध्ये गाठले. तथापि, बऱ्या झालेल्या काही रुग्णांच्या त्वचेत परजीवी दडून राहतो आणि तेथून पुन्हा पसरू शकतो. म्हणूनच रोग आटोक्यात आला तरी पहारा सैल करून चालणार नाही.