नव्यासारखं नको

वाळवीने खाल्लं नसेल इतकं जुनं सागवानी फर्निचर ‘नव्यासारखं करून द्या’ या एका वाक्याने खाल्लं असेल. कपाट कारखान्यातून चकचकीत होऊन येतं खरं, पण मशीनने घासून कडा गोल झालेल्या असतात आणि दारावरच्या कोरलेल्या मोराची चोच गेलेली असते.

मुंबईच्या जुन्या घरांतला पुष्कळसा साग ब्रह्मदेशातून आलेला. 1863 साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन तिथली जंगलं तोडत असे. ओंडक्यांचा हिशेब दडवल्याचा ठपका ठेवून थिबा राजाच्या दरबाराने कंपनीला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. 1885 मध्ये युद्ध झालं, राजा कैदी म्हणून रत्नागिरीला आला आणि 1916 मध्ये तिथेच वारला. एखाद्या आजोबांच्या आरामखुर्चीचं थिबा पॅलेसशी असं लांबचं नातं निघू शकतं.

अर्थात चोरबाजारात किंवा ओशिवऱ्याला प्रत्येक नग ‘बर्मा’च असतो! चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला, म्हणजे व्यापाऱ्यांच्या ‘सीपी’ला, उगाच कमी लेखलं जातं. पाडलेल्या चाळींच्या तुळयांतून बनवलेली नवी ‘अँटिक’ टेबलंही मिळतात. लाकूड जुनंच, टेबल मात्र कालचं. म्हणून आधी खण पूर्ण उपसावा आणि तळाखालून हात फिरवावा. हातरंध्याच्या उथळ लाटा बोटांना लागल्या, तर पुढे बोलायला हरकत नाही.

खरी गोम पॉलिशची. जुनं पॉलिश बहुधा चपडी लाखेचं असतं, स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलीच्या बोळ्याने पातळ थरांवर थर चढवलेलं. मागच्या बाजूला, कुणाच्या नजरेस येणार नाही अशा जागी, स्पिरिटचा कापूस टेकवून बघा. चिकट झालं तर लाख आहे. मग सगळं खरवडण्याची गरज नसते. मळ काढून वर नवा पातळ हात देता येतो, कारण नवी लाख जुन्या लाखेत मिसळते. मेलामाईन किंवा पीयूचं तसं नाही. ते पोपडे धरू लागलं की सगळं उतरवावं लागतं, आणि दर वेळी थोडं लाकूडही जातं.

सांध्यांचंही तेच. जुना सरस ऊब आणि ओलावा दिला की सुटतो; कुसू साफ करून पुन्हा बसवता येतो. घाईत ठोकलेला खिळा मात्र तो कुसूच फोडतो.

रोजची निगा सोपी आहे: कोरडं फडकं, आणि पाय ओल्या फरशीवर नकोत. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण कडेच्या फिकट लाकडाला कीड लागते. खाली पिठासारखी भुकटी दिसली की समजावं. आषाढात खण अडकला म्हणून रंधा मारू नये, दिवाळीनंतर तो खुळखुळतो. कडांना मेणबत्ती घासली तरी भागतं.

वेतकामाची मात्र चिंता आहे. चौकटीच्या भोकाभोकातून हाताने वेत विणणारे कारागीर आता शोधावे लागतात. सरकारी कचेऱ्यांच्या खुर्च्या विणण्याचं काम वर्षानुवर्षं अंध कारागीर करत आले. खुर्च्याच प्लास्टिकच्या आल्या, तसं ते कामही आटलं. तयार जाळीचा तुकडा बसवायला काही दुकानदार चौकटीत चर पाडतात आणि जुनी भोकं बुजवतात. अशा खुर्चीत पुन्हा हाताने वेत विणायचा तर ती सगळी भोकं नव्याने पाडावी लागतात.