मेंदूतील रक्तस्राव आणि पेशींचा मृत्यू

एखाद्याचा हातपाय एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले, वाचा बसली, की आपल्या वऱ्हाडात ‘लकवा मारला’ किंवा ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. वाऱ्याचा येथे काही संबंध नाही. मेंदूची धमनी गुठळीने बुजली तर एका प्रकारचा पक्षाघात होतो, फुटली तर दुसऱ्या प्रकारचा. या दुसऱ्या प्रकाराचा आज विचार करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नव्हे. आपल्या विदर्भातीलच गडचिरोली जिल्ह्यात ८६ खेड्यांची पाहणी झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार शंभरांतील सुमारे १४ मृत्यू पक्षाघाताने झाले होते, आणि त्यांतील बहुतेकांनी घरीच प्राण सोडले होते.

ज्या रक्तावर मेंदू जगतो, त्याच रक्ताने तो मरतो कसा? याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते.

पहिला आघात दाबाचा. वर्षानुवर्षे चढलेल्या रक्तदाबाने झिजलेली बारीक धमनी फुटते. कवटी ही बंद पेटी. साचणाऱ्या रक्ताला बाहेर वाट नाही. ते भोवतालच्या पेशींना चिरडते. सुमारे एकतृतीयांश रोग्यांत हा साका पहिल्या काही तासांत आणखी वाढतो. म्हणूनच हे तास मोलाचे.

दुसरा आघात सावकाश येतो व कित्येक दिवस चालतो. मुका मार लागला की कातडी प्रथम काळीनिळी, मग हिरवट, शेवटी पिवळी होते, हे आपण पाहतो. सांडलेल्या तांबड्या पेशी फुटून त्यांतील हीमोग्लोबिनचे विघटन होते, त्याचे ते रंग होत. मेंदूतही हेच घडते. पण तेथे मोकळे झालेले लोह घातक ठरते. रक्तवाहिनीत असताना हे लोह हीमोग्लोबिनमध्ये बांधलेले असते व प्राणवायू वाहून नेते. तेच सुटे झाले की विध्वंसक बनते.

घरात जवसाचे तेल फार दिवस उघडे राहिले तर खवट होते, हे गृहिणींना सांगावयास नको. मेंदूतील पेशींच्या आवरणात असलीच, सहज खवटणारी स्निग्ध द्रव्ये भरपूर असतात. सुटे लोह हे खवटणे झपाट्याने वाढवते. ते थोपवणारा ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ पेशीत असतो. त्याचा साठा संपला की आवरण फाटते आणि पेशी मरते. लोहामुळे येणाऱ्या या मरणाला २०१२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी ‘फेरॉप्टोसिस’ असे नाव दिले. रक्तस्रावानंतर पेशी याच एका वाटेने मरतात असे नव्हे; सूज व दाह यांचाही त्यात वाटा असतो.

मग लोह काढून टाकावे, असे कोणीही म्हणेल. थॅलेसेमियाच्या रोग्यांच्या शरीरात साठलेले लोह काढणारे डेफेरॉक्झामिन हे औषध त्यासाठी वापरून पाहण्यात आले. २०१९ साली निष्कर्ष आला : औषध सुरक्षित, परंतु ९० दिवसांनंतर अपेक्षित लाभ सिद्ध झाला नाही. शोध चालू आहे.

तोवर आपल्या हाती काहीच नाही काय? आहे. भारतासह १० देशांतील सुमारे ७००० रोग्यांवरील प्रयोगाने २०२३ साली दाखवून दिले, की पहिल्या काही तासांतच रक्तदाब उतरवला, साखर व ताप आटोक्यात ठेवला आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवला, तर मृत्यू व अपंगत्व दोन्ही कमी होतात. म्हणून तेल चोळण्यात वेळ दवडू नये. रोग्याच्या तोंडात पाणी घालू नये. धमनी बुजली की फुटली हे बाहेरून कळत नाही. तेव्हा आपल्या मनाने ॲस्पिरिनही देऊ नये. १०८ ला फोन करावा आणि सी. टी. स्कॅनचे यंत्र असलेले रुग्णालय गाठावे. धारणीच्या रोग्याला घाट ओलांडून अमरावतीस यावे लागते, पातूरच्या रोग्याला अकोल्यास. त्यांच्यासाठी तर घरून निघण्यातली दिरंगाई अधिकच महाग पडते.

आणि धमनी फुटूच नये यासाठीचा उपाय त्याहून सोपा आहे. आपला रक्तदाब किती, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. तो वाढलेला असेल तर रोजची गोळी, बरे वाटते म्हणून, बंद करू नये.