घरी गेलेली चिठ्ठी

शाळेच्या ग्रंथालयात मी एकोणतीस वर्षं काम केलं. या काळात माझ्या सहीच्या शेकडो चिठ्ठ्या मुलांच्या घरी गेल्या असतील. ‘आपल्या पाल्याने ग्रंथालयाचे अमुक पुस्तक अमुक तारखेस नेले असून ते अद्याप परत केलेले नाही. तरी ते त्वरित पाठवून द्यावे.’ खाली शाळेचा शिक्का. अशा चिठ्ठीत कुणाला दुखावण्यासारखं काही असेल, असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

एका वर्षी आठवीतल्या एका मुलानं दारूच्या व्यसनाविषयीचं पुस्तक नेलं. मुदत सात दिवसांची. तीन आठवडे झाले तरी पुस्तक येईना, म्हणून शिरस्त्याप्रमाणे चिठ्ठी गेली, पुस्तकाचं नाव घालून. दुसऱ्या दिवशी वडील स्वतः आले. पुस्तक टेबलावर ठेवलं, दंडाचे पैसे मोजून दिले आणि एवढंच म्हणाले, “बाई, आमच्या घरातलं शाळेपर्यंत आणायची काही गरज नव्हती.” त्यांना वाटलं, पोरानं घरची गाऱ्हाणी माझ्यापाशी सांगितली. पोरानं तर अवाक्षरही काढलं नव्हतं. त्यानं फक्त एक पुस्तक निवडलं होतं. पुढे दहावीपर्यंत तो वाचनाच्या तासाला यायचा, वर्तमानपत्र चाळायचा आणि जायचा. घरी पुस्तक मात्र त्यानं पुन्हा नेलं नाही.

तेव्हापासून एक प्रश्न मला छळू लागला. पुस्तक शाळेचं, ते परत मागण्याचा हक्क शाळेचा. पण कोणतं पुस्तक, हे सांगण्याचा हक्क कुणाचा?

याची थोडीशी उकल आमच्या जुन्या देवघेवीच्या पद्धतींतच सापडते. बऱ्याच शाळांत एक जाडजूड नोंदवही असते. प्रत्येक मुलाच्या नावाचं पान, त्यावर नेलेल्या पुस्तकांची नावं, तारखा, सह्या. पाचवीपासून दहावीपर्यंत मुलानं काय काय वाचलं, ते कुणीही पान उलटून पाहावं. दुसरी पद्धत नीना ब्राउन या अमेरिकन ग्रंथपाल बाईंच्या नावानं ओळखली जाते. तिच्यात पुस्तकाचं छोटं कार्ड वाचकाच्या खिशासारख्या तिकिटात घालून तारखेप्रमाणे लावून ठेवतात. पुस्तक परत आलं, की कार्ड पुस्तकात जातं आणि तिकीट वाचकाच्या हातात. मागे उरतात फक्त पुस्तकाला चिकटवलेल्या कागदावरच्या तारखा. कुणी वाचलं, ते उरत नाही. ही रचना वेळ वाचवण्यासाठी म्हणून शिकवली जाते, पण तिच्यात आपोआप सांभाळला जाणारा हा आडपडदा मला फार मोलाचा वाटतो. कोणाकडे किती पुस्तकं बाकी आहेत हे तिच्यातही कळतंच. संपलेल्या व्यवहाराचा माग तेवढा राहत नाही.

कायदा काय म्हणतो? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं सोळावं कलम मुलांच्या खासगीपणात मनमानी ढवळाढवळ नको, असं सांगतं. भारतानं ही संहिता १९९२ मध्ये मान्य केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल, आणि मुलाच्या वतीनं संमती द्यायची ती पालकांनी. म्हणजे परक्यांपासून मुलाला जपायचं कसं, याचा विचार तिथे आहे. पालक आणि मूल यांच्यामधल्या पुस्तकाचं काय, हा पेच तो कायदा सोडवत नाही. अमेरिकेतही १९७४ चा शैक्षणिक नोंदींचा कायदा मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत त्या नोंदी पाहण्याचा हक्क पालकांना देतो, तर तिथल्या ग्रंथपालांची संघटना लहान वाचकाचीही गुप्तता राखा, असा आग्रह धरते. ओढाताण तिकडेही आहेच.

पालकांची बाजू मला कळत नाही असं नाही. पुस्तक हरवलं तर पैसे त्यांनाच भरायचे असतात. शिवाय दुसरीतल्या मुलाचं गोष्टीचं पुस्तक कॉटखाली गेलेलं असतं. नाव कळलं तर आई दोन मिनिटांत शोधून देते. तिथे गुप्ततेचं स्तोम माजवण्यात काय अर्थ? चौथीपर्यंतच्या चिठ्ठीत मी शेवटपर्यंत पुस्तकाचं नाव घालत आले.

पाचवीपासून पुढे मात्र रीत बदलली. आधी मुलालाच दोनदा आठवण, तीही एकट्याला गाठून. तरी आलं नाही तर घरी चिठ्ठी : ‘आपल्या पाल्याकडे ग्रंथालयाचे एक पुस्तक बाकी आहे, मुदत अमुक तारखेस संपली.’ पुस्तक हरवलंच, तर किंमत आणि दाखल क्रमांक. पावतीला आणि हिशेबाला तेवढं पुरतं. त्याहून अवघड गेलं ते वर्गात हजेरीनंतर यादी वाचून दाखवण्याची पद्धत बंद करणं. एक सहकारी म्हणाले, “चारचौघांत नाव घेतल्याशिवाय मुलं पुस्तकं आणत नाहीत.” खरंच, पहिल्या वर्षी पुस्तकं जरा उशिरानं आली. पण आली.

आता फळ्याची जागा मोबाइलनं घेतली आहे. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर यादीचा फोटो टाकला, की चाळीस घरांना कळतं, कुणी काय नेलं. वडिलांच्या हाती गेलेली माझी ती एक चिठ्ठी यापुढे काहीच नव्हे. संगणकाला दोष देण्यात मात्र अर्थ नाही. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली ‘कोहा’ ही ग्रंथालयासाठीची संगणक प्रणाली फुकट मिळते. तिच्यात आठवणीच्या संदेशाचा मजकूर आपल्याला बदलता येतो, पुस्तकाचं नाव त्यातून काढता येतं. परत आलेल्या पुस्तकाच्या नोंदीतून वाचकाचं नाव पुसण्याचीही सोय आहे. फक्त ती सोय कुणीतरी वापरावी लागते. तयार मजकूर आहे तसा ठेवला, तर पुस्तकाचं नाव घरोघर जात राहतं.

नव्या रीतीच्या पहिल्याच वर्षी सातवीतल्या एका मुलीची आई चिठ्ठी घेऊन आली. म्हणाली, “बाई, यात पुस्तकाचं नावच नाही. शोधू काय?”

मी म्हटलं, “लेकीला विचारा.”

“ती सांगेल होय?”

“नाही सांगितलं, तर तिलाच शोधायला सांगा.”

चौथ्या दिवशी पुस्तक आलं. मुलीनंच आणून दिलं, आणि त्याच विषयावरचं आणखी एक आहे का, म्हणून विचारलं.